इंदूरच्या ज्येष्ठसेवा संस्थांचा एकत्र शिकणारा गट: कसा उभा करायचा, कुठे अडतो

राजवाडा_चौक

इंदुरात ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्था थोड्या नाहीत. वृद्धाश्रम आहेत, दिवसभराची केंद्रं आहेत, घरोघरी सेविका पाठवणाऱ्या संस्था आहेत, जेवणाचे डबे पोचवणारी मंडळं आहेत. त्यांचे विश्वस्त एकमेकांना ओळखतात, कार्यक्रमांना भेटतात. पलंगापाशी काम करणारी सेविका मात्र दुसऱ्या संस्थेतल्या सेविकेला सहसा भेटतच नाही. त्यामुळे रात्रपाळीत कोणी पडणं, पाठीला झालेली जखम, समग्र आयडीतलं (मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकातलं) चुकलेलं नाव हे प्रश्न एका ठिकाणी सुटतात आणि दोन किलोमीटरवर पुन्हा पहिल्यापासून सोडवावे लागतात.

याला उपाय म्हणजे एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांनी नियमित भेटून एकमेकांचं काम बघणं. कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस म्हणतात ते हेच. हा शब्द जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये रूढ केला. लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांकडचे शिकाऊ बघितले होते. ती मुलं आधी काजं-बटणं, दुमडपट्टी, इस्त्री करत, मग शिवण आणि कापणं सगळ्यात शेवटी, कारण कापड बिघडलं तर नुकसान मोठं. कोणी वर्ग घेत नव्हतं. जाणत्यांच्या शेजारी बसून हात तयार होत होता.

समजा नऊ संस्था, प्रत्येकीच्या दोन व्यक्ती, म्हणजे अठरा जण. यात कोणी यावं, काय करावं, पैसे कसे उभे करावे, गोपनीयता कशी राखावी आणि गट बहुतेक कुठे मोडतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

कान्हकाठ

पहिलं काम विषय आवळण्याचं. ‘ज्येष्ठांची सेवा’ हा विषय होत नाही, ते क्षेत्र झालं. त्यावर भेटलात तर प्रत्येक जण आपल्या संस्थेची माहिती देईल आणि चहा होईल. ‘अंथरुणाला खिळलेल्या माणसाची रोजची काळजी’ हा विषय आहे. ‘पाळी बदलताना काय सांगायचं, काय लिहायचं’ हाही आहे. ‘मुलांनी सांभाळ सोडलेल्या आईवडिलांचा एसडीएमकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अर्ज’ हा आणखी एक. एका विषयाला तीन ते चार बैठका द्या आणि मगच पुढचा घ्या.

दुसरं, येणार कोण. दोन जागांपैकी एक रोज हातानं काम करणाऱ्या व्यक्तीची: सेविका, वॉर्डन, परिचारिका, समुपदेशक. दुसरी तिच्या लगतच्या पर्यवेक्षकाची, म्हणजे ज्याला उद्या सकाळी पद्धत बदलण्याचा अधिकार आहे त्याची. अध्यक्ष, सचिव आणि विश्वस्त यांची जागा या बैठकीत नाही. यात त्यांचा अनादर नाही. पण ते समोर बसले की सेविका ‘आमच्याकडे सगळं ठीक आहे’ एवढंच म्हणते, आणि जे ठीक नाही त्यासाठीच तर हा गट आहे. विश्वस्तांना वर्षातून दोनदा वेगळं बोलवा, गटानं काय बदललं ते दाखवा, आणि सेविकांच्या बैठकीचे तास पगारी धरण्याचं लेखी वचन त्यांच्याकडून घ्या. बैठकीला सुटीच्या दिवशी बोलावलं तर तिसऱ्या महिन्यात कोणी येत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

हेच देणगीदार आणि कंपन्यांचा सामाजिक निधी बघणाऱ्या सीएसआर अधिकाऱ्यांबद्दल. त्यांच्यापुढे प्रत्येक संस्था आपली उजळ बाजूच दाखवणार. नऊपैकी चार संस्था त्याच एका कंपनीकडे अर्ज करत असतात, हे विसरू नका.

पलंग_क्रमांक_सात

बैठकीत बोलण्यापेक्षा करून दाखवण्याला जास्त वेळ द्या. नमुना म्हणून शय्याव्रणाचं, म्हणजे पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेचं, सत्र कसं असावं ते लिहिते.

सामान: एक पलंग, चार उश्या, एक दुहेरी चादर, यजमान संस्थेत असेल ती हवेची किंवा फोमची गादी. रुग्ण नको, गटातल्याच एकीनं झोपायचं. ‘तुमच्याकडे कूस कशी बदलतात, दाखवा’ असं प्रत्येक संस्थेच्या जोडीला सांगायचं. बाकीच्यांनी बघायचं, मध्ये बोलायचं नाही. नऊ जोड्यांना प्रत्येकी तीन मिनिटं, एकूण २७ मिनिटं. व्याख्यानात कधीच न दिसणाऱ्या गोष्टी तेवढ्यात दिसतात. कोणी काखेत हात घालून ओढतं, तेव्हा कातडी गादीवर घासली जाते. कोणी चादरीला धरून दोघी मिळून उचलतात, ते बरोबर. कोणी पूर्ण नव्वद अंशात कुशीवर वळवतं, त्यात सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. साधारण तीस अंश कलवून पाठीमागे उशी दिली की भार मांसल भागावर राहतो. टाचा मोकळ्या ठेवायला उशी टाचेखाली नको, पोटरीखाली हवी.

मग बोटाची परीक्षा. लाल दिसणाऱ्या जागेवर बोट काही सेकंद दाबून उचलायचं. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त खेळतंय. दाबूनही लालच राहिली तर कातडी फाटलेली नसतानाही व्रणाची पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या रंगावर लाली उठून दिसत नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूनं आजूबाजूच्या कातडीशी तुलना करायची: ती जागा जास्त गरम, जास्त घट्ट किंवा उलट लिबलिबीत लागते का.

गादीची परीक्षाही तिथेच. माणूस झोपलेला असताना माकडहाडाच्या जागी गादीखाली तळहात वर करून सरकवायचा. हात आणि शरीर यांच्यामध्ये एक इंच जाडीसुद्धा उरली नसेल तर गादी बसली आहे, नुसती असून उपयोग नाही.

दोन चुका जवळपास सगळीकडे सापडतात. एक, लाल जागेवर तेल किंवा पावडर लावून चोळणं. खालची पेशी आधीच चेपलेली असते, चोळल्यानं आणखी फाटते. दुसरी, मधे भोक असलेली गोल रिंग. तिच्या कडेवर दाब येतो आणि मधल्या जागेचं रक्तच अडतं. ‘आमच्याकडे पूर्वीपासून रिंगच वापरतात’ असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका. त्या व्यक्तीला दहा मिनिटं रिंगवर बसवा आणि कडेचा वळ तिचा तिलाच बघू द्या.

सत्राच्या शेवटी प्रत्येक जोडीनं एक ओळ लिहायची: पुढच्या महिन्यात आम्ही नक्की काय वेगळं करणार. ‘काळजी घेऊ’ असं लिहिलं तर कागद परत द्या. ‘रात्री १०, १२, २, ४ आणि ६ ला कूस, पलंगाच्या पायाशी तक्ता, सही’ हे चालतं.

नेमावर_रोड

प्रात्यक्षिक नसेल त्या महिन्यात प्रकरण घ्या. एक तास, पण घड्याळ लावून. सांगणारी व्यक्ती ८ मिनिटं मांडते आणि शेवटी एकच प्रश्न विचारते. पुढची ७ मिनिटं फक्त माहितीचे प्रश्न: किती दिवस झाले, औषधं कोणती, रात्री सोबत कोण. सल्ला बंद. मग सांगणारी व्यक्ती खुर्ची थोडी मागे घेते आणि २५ मिनिटं गट आपसात बोलतो, ती फक्त ऐकते आणि लिहिते. शेवटची १० मिनिटं तिची: यातलं मी काय करून बघणार. उरलेली १० मिनिटं मागच्या महिन्याच्या प्रकरणाचं पुढे काय झालं त्याची. ही शेवटची दहा कधीही कापू नका, शिकणं तिथेच दिसतं.

खुर्ची मागे घेण्याचं कारण असं की समोर बसलेली व्यक्ती प्रत्येक सूचनेला ‘ते करून झालं’ म्हणत बचाव करत राहते. ऐकायचंच आहे हे ठरलं की तो बचाव सुटतो.

प्रकरणांवरून शिकण्याचं वजन किती याचं मोठं उदाहरण अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोचं. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना तज्ज्ञाकडे महिनोन् महिने थांबावं लागे, म्हणून डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये प्रोजेक्ट इको सुरू केला. खेड्यातले डॉक्टर व्हिडिओवर आपली प्रकरणं मांडत आणि तज्ज्ञांसोबत सोडवत. २०११ मध्ये छापलेल्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासात विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के बरे झाले आणि या खेड्यातल्या केंद्रांवर ५८.२ टक्के. नंतर बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं ही पद्धत मानसिक आरोग्यासाठी उचलली.

आपल्याला व्हिडिओची गरज नाही. महू सोडलं तर सगळे तासाभरात पोचतात. मात्र वर्षातून तीन-चार प्रकरणांना बाहेरचा जाणकार हवा: वृद्धांचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, आईवडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा जाणणारं कोणी. त्यांनाही वेळ दहा मिनिटं आणि तीही प्रकरण ऐकून झाल्यावर. आधी बोलू दिलं की ते व्याख्यान होतं.

लोकमान्यनगरकर

अजून कोणी लिहिलं नाही म्हणून भाषेबद्दल लिहितो, कारण इंदुरात गट बऱ्याचदा इथेच मोडतो.

आपल्या बऱ्याच संस्थांचे चालक मराठी. सेविका मात्र धार, खरगोन, देवासकडच्या. घरी माळवी किंवा निमाडी, बाहेर हिंदी. बैठक हिंदीत सुरू होते आणि पंधराव्या मिनिटाला दोन मराठी पर्यवेक्षक आपसात मराठीत येतात. मनात काही नसतं, सवय असते. पण त्या क्षणी खोलीतल्या निम्म्या बायका बाजूला पडतात आणि पुढे त्या तोंड उघडत नाहीत. म्हणून नियम लिहून लावा: बैठक सुरू असताना सगळं हिंदीत, टिपण हिंदीत, पलंगावरचा तक्ता हिंदीत आणि चित्रांसह. मराठी चहाच्या वेळी मनसोक्त बोला.

आश्रमातल्या आजींशी मात्र मराठीच हवं. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते, लहानपणची टिकते. सत्तर वर्षं इंदुरात राहून हिंदी बोलणारी रामबागेतली आजी अचानक फक्त मराठी बोलू लागते, आणि सेविकेला वाटतं ती हट्ट करतेय. गटानं पंचवीस मराठी शब्दांची यादी करून सगळ्या संस्थांत द्यावी: दुखतंय, तहान लागली, शी आली, थंडी वाजते, नको, उजेड कर. छोटंसं काम आहे, पण पहिल्याच महिन्यात पूर्ण होतं आणि गटाला हातात धरायला काहीतरी मिळतं.

राजवाडा_चौक

लोकमान्यनगरकर, यादीची सूचना पहिल्याच बैठकीत घ्यावी अशी आहे. आता पैशांचं कोणी लिहाल का? आणि गटाची नोंदणी करावी का?

हिशेबवही

आधी खर्च. दहा बैठका धरा, बारा नकोत, कारण दिवाळीचा महिना आणि मार्च वाया जातो. एका बैठकीला १८ जणांचा चहा-पोहे प्रत्येकी ४० रुपयांनी ७२०, रिक्षाभाडं सरासरी १०० रुपयांनी १,८००, झेरॉक्स आणि कागद २००. एकूण २,७२०. दहा बैठकांचे २७,२००. समन्वयकाला महिना ४,००० मानधन, वर्षाचे ४८,०००. सगळे मिळून ७५,२००.

मानधनाची ओळ बघून लोक दचकतात आणि ‘आपल्यातलंच कोणी करेल’ म्हणतात. आपल्यातलंच कोणी चार महिने करतं. अठरा जणांना फोन करणं, प्रकरण मांडणाऱ्याबरोबर आधी अर्धा तास बसणं, टिपण दोन दिवसांत पाठवणं, यजमानाकडे पलंग मोकळा आहे का बघणं, हे महिन्याचे दहा-बारा तास आहेत. याचे पैसे ठेवले नाहीत तर गट समन्वयकाच्या चांगुलपणावर चालतो आणि त्याच्या घरी लग्न निघालं की थांबतो.

वाटणी सारखी करू नका. तीन मोठ्या संस्थांनी १२,००० प्रत्येकी, चार मध्यमांनी ८,०००, दोन लहानांनी ३,६००. बेरीज ७५,२०० येते. लहानांना पूर्ण माफी नको. थोडं दिलं की हक्कानं बोलता येतं.

नोंदणी करू नका. मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी कायद्यात सात सदस्यांनी संस्था होते, पण मग कार्यकारिणी, निवडणूक, धारा २७ ची कार्यकारिणीची वार्षिक यादी, धारा २८ चा लेखापरीक्षित हिशेब, आणि ‘अध्यक्ष कोण’ हा प्रश्न, ज्यात वर्ष जातं. गट अनौपचारिक ठेवा. एका संस्थेच्या खातेवहीत वेगळं शीर्षक उघडा आणि दर तिमाहीला सगळ्यांना एक पान हिशेब द्या. ती संस्था दर दोन वर्षांनी बदला.

दोन खड्डे मात्र नीट बघा. विदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेनं त्या खात्यातून दुसऱ्या संस्थेला रुपयाही द्यायचा नाही. २०२० च्या दुरुस्तीनं असं हस्तांतर पूर्ण बंद केलं आहे, आपली वर्गणी तिनं देशी निधीतूनच द्यावी. दुसरा खड्डा आयकराचा. २०२३ च्या वित्त कायद्यापासून एका धर्मादाय संस्थेनं दुसरीला दिलेली देणगी खर्च म्हणून ८५ टक्केच धरली जाते. म्हणून वर्गणीला ‘देणगी’ लिहू नका. सामायिक खर्चाचा वाटा म्हणून बिलाच्या प्रतीसकट घ्या आणि पहिल्या वर्षीच आपल्या सीएला दाखवा.

कान्हकाठ

हिशेबवहींच्या बाकी सगळ्याशी सहमत, पण जागेबद्दल एक. यजमानपद भिशीसारखं फिरतं ठेवा, चिठ्ठी काढून. कायमची एक चांगली सभागृहाची जागा मिळत असली तरी घेऊ नका. दुसऱ्याचं न्हाणीघर, औषधांचं कपाट, रात्रीचा दिवा बघणं हेच निम्मं शिक्षण आहे. यजमान संस्थेनं पहिली पंधरा मिनिटं फक्त फिरवून दाखवायचं. रंगरंगोटी करून ठेवायची नाही.

आणि विश्वस्त आडून विचारतात तो प्रश्न: सेविका भेटल्या की पगाराची तुलना होणार, चांगली सेविका दुसरीकडे जाणार. तुलना होणारच, त्यावर बंदी घातली तर ती चहाच्या टपरीवर होईल. संस्थांनी आपसात एवढंच ठरवावं की गटातल्या दुसऱ्या संस्थेच्या सेविकेला आपण होऊन बोलवायचं नाही. ती स्वतः अर्ज करत असेल तर अडवायचं नाही, फक्त सोडताना एक महिन्याची सूचना पाळायची. सगळ्यात कमी पगार देणाऱ्या संस्थेला हे बोचणार. ते बोचलंच पाहिजे.

मालवा_मिल_परिसर

गोपनीयतेबद्दल. नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं इंदुरात होत नाही. ‘सुदामा नगरच्या निवृत्त संगीत शिक्षिका, मुलगा पुण्यात’ एवढ्यावर चार जण ओळखतात. प्रकरणाच्या कागदावर भाग, व्यवसाय, जात, मुलांचं गाव हे चारही काढा. वय पाच वर्षांच्या टप्प्यात लिहा. कागद बैठकीतच वाटायचा आणि शेवटी मोजून परत घ्यायचा. अठरा वाटले तर अठरा परत. व्हॉट्सॲप गटावर फक्त तारीख, जागा आणि रिकामे तक्ते. जखमेचा फोटो, डॉक्टरची चिठ्ठी, घरच्यांचा निरोप यातलं काहीही नाही, चेहरा झाकलेला असला तरी नाही. एकदा फोटो पडला की दुसऱ्या मिनिटाला तो कुठे असेल सांगता येत नाही.

सिरपूर_तलाव

बालगृहांनाही असा गट करायचा असेल तर हेच नियम पुरतील का?

मालवा_मिल_परिसर

पुरणार नाहीत. मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट प्रकरणातून समोर आली की ती गटात चर्चेला घ्यायची नसतेच. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्यानं विशेष बाल पोलिस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाबाबत दडवलं तर एक वर्षापर्यंत. ऐकणाऱ्या अठराही जणांना आता कळलेलं असतं, हे लक्षात घ्या. म्हणून मुलांच्या गटात समन्वयकानं प्रकरण किमान तीन दिवस आधी वाचायचं, आणि असं काही दिसलं तर प्रकरण थांबवून आधी तक्रार. मुलाची ओळख उघड न करण्याचं बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वेगळंच आहे.

नेमावर_रोड

मोजमापाबद्दल. ‘दहा बैठका, १५२ उपस्थिती’ हा अहवाल निरुपयोगी. दोनच गोष्टी मोजा.

पहिली, उसनवारी. दर तीन महिन्यांनी प्रत्येक जोडीला विचारा: दुसऱ्या संस्थेकडून घेतलेली कोणती गोष्ट आज तुमच्याकडे चालू आहे, दाखवा. तक्ता, कपाटाची मांडणी, पाळी बदलतानाचे पाच प्रश्न. दाखवता आलं तर धरायचं.

दुसरी, विषयाचा आकडा, पण दरानं. वीस खाटांच्या आश्रमात महिन्यात तीन जण पडले आणि साठ खाटांच्या ठिकाणी सहा, तर दुसरीकडे वाईट आहे का? २० गुणिले ३० म्हणजे ६०० खाट-दिवस, दर हजार खाट-दिवसांमागे ५. ६० गुणिले ३० म्हणजे १,८००, दर ३.३. दर नसला की मोठी संस्था उगाच बदनाम होते आणि गट सोडते. शिवाय एका महिन्याच्या आकड्यावरून काहीही ठरवू नका, इतक्या लहान संख्येत दोन-तीनचा चढउतार आपोआप होतो. सहा महिने एकत्र धरा.

आणि हे विश्वस्तांना आधीच सांगून ठेवा: गट नीट चालला तर पहिल्या तीन-चार महिन्यांत पडण्याचे आकडे वाढतील. लोक जास्त पडतात म्हणून नाही, पूर्वी जे लिहिलंच जात नव्हतं ते आता लिहिलं जातं म्हणून. हे आधी सांगितलं नाही तर आकडा बघून कोणीतरी सेविकेला झापतं आणि नोंदवही पुन्हा कोरी होते.

पलंग_क्रमांक_सात

वेळापत्रक देते. मंगळवार टाळा, कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई (लोकांच्या तक्रारींची सुनावणी) असते आणि समुपदेशक तिथे असतात. दुपारी अडीच ते चार ठेवा: जेवणं आटोपलेली असतात, संध्याकाळच्या कामाला परत पोचता येतं. मे महिन्यात सकाळी साडेनऊ. अनंत चतुर्दशीच्या झांक्या आणि रंगपंचमीची गेर या मिरवणुका असतात त्या आठवड्यांत काहीही ठेवू नका, रस्तेच बंद असतात.

पहिल्या बैठकीत उद्दिष्टं, नाव, बोधचिन्ह काही नको. फिरून बघणं १५ मिनिटं, मराठी शब्दांची यादी २५, कूस बदलून दाखवणं २७, एक ओळ लिहिणं १०, चहा १३. नव्वद मिनिटं झाली. जोड्यांना येताना आपापल्या रात्रपाळीच्या नोंदवहीचं एक कोरं पान आणायला सांगा. नऊ पानं भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवा आणि चहा घेता घेता सगळ्यांना वाचू द्या. दुसऱ्या बैठकीचा विषय तिथेच ठरेल.